विश्वास आहे, तरी काळजी का सुटत नाही?

रात्रपाळी | सोमवार, रात्री २.४०

वेळ बघून प्रश्न काय असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. ठणठणीत आहे, मस्तीखोर आहे, वर्षभरात साधा तापही आलेला नाही. तरी मी रोज रात्री दोनदा तरी उठते, अंधारात चाचपडत त्याच्या खोलीत जाते आणि त्याच्या नाकाखाली बोट आडवं धरते. बोटाला ऊब लागली की परत येऊन पडते. नवऱ्याला माहीत आहे, तो आता काही बोलत नाही. मुलाला माहीत नाही, असं मी धरून चालले आहे.

हे कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे. तो २९व्या आठवड्यात झाला. इतक्या लवकर आलेल्या बाळाचा मेंदू पुरता तयार नसतो, त्यामुळे मधूनच श्वास घ्यायचाच राहून जातो. २० सेकंदांच्या वर श्वास थांबला की मॉनिटर वाजायचा. मग सिस्टर यायच्या आणि त्याच्या तळपायाला बोटाने हलकीशी टिचकी मारायच्या. बस, एवढंच. तो दचकायचा आणि श्वास पुन्हा सुरू. तळपाय केवढा, तर माझ्या अंगठ्याएवढा. सात आठवडे मी ते बघितलं. मग त्याचं वजन वाढलं, श्वास स्थिरावला, डॉक्टरांनी हसत घरी सोडलं. मॉनिटर तिथेच राहिला, आणि घरी आल्यावर ते काम मी सुरू केलं.

मी देव मानते. लोकांना दाखवायला नाही, मनापासून. रोज झोपण्याआधी म्हणते, "तुझ्या हवाली केलंय." आणि दोन तासांनी तपासायला जाते की त्याने नीट सांभाळलंय ना!

विश्वास आहे तर ही काळजी का? आणि काळजी आहे तर माझा विश्वास खरा म्हणायचा का? 'सकारात्मक विचार करा' सोडून काहीही सांगा.

---

आज्जीबाई | सोमवार, पहाटे ५.१५

मन चिंती ते वैरी न चिंती. आधी झोप बाई, मग बोलू.

---

मंदवारा | सोमवार, सकाळी ९.०५

तुमचा प्रश्न वाचून आधी आपल्या भाषेतली एक गंमत आठवली. 'काळजी' हा एकच शब्द आपण दोन उलट गोष्टींना वापरतो. काळजी करणं आणि काळजी घेणं. निरोप देताना एका दमात म्हणतो, "काळजी करू नकोस हं, काळजी घे." ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की एक सोडायची आहे आणि एक धरायची आहे.

घेणं हे कृतीत असतं. औषध वेळेवर देणं, हेल्मेट घालायला लावणं, पांघरूण घालणं. ते कधीतरी संपतं. करणं डोक्यात असतं आणि त्याला शेवट नसतो, कारण त्यात संपण्यासारखं काही कामच नसतं.

मला वाटतं तुमच्या मनात ही दोन्ही एकमेकांत मिसळली आहेत. करणं सोडलं तर घेणंही सुटेल, आपण निष्काळजी ठरू, अशी भीती असते. म्हणून बिचारं मन दोन्ही घट्ट धरून बसतं.

---

उंटावरचा_शहाणा | सोमवार, सकाळी ११.३०

भाषेची गंमत छान. पण मूळ प्रश्नाला कुणीच हात घालत नाहीये, म्हणून मी घालतो. मी नास्तिक आहे, राग नसावा.

'त्याच्यावर सोडा' हा सल्ला ऐकायला गोड आहे, पण तो सगळीकडे असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी या वळणावर जातो. बाईंच्या बाळाला वाचवलं ते मॉनिटरने आणि टिचकी मारणाऱ्या सिस्टरने. त्या सिस्टर जर 'देव बघून घेईल' म्हणत बसल्या असत्या तर?

त्याउपर, ज्यांची बाळं त्याच वॉर्डमध्ये गेली, त्यांचं काय? त्यांनी प्रार्थना केली नसेल? देव 'काळजी घेतो' हे विधान फक्त वाचलेलेच लोक करू शकतात.

---

मेंढपाळ | सोमवार, दुपारी १.५०

@उंटावरचा_शहाणा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला सोपं उत्तर नाही आणि मी ते देणारही नाही. मी आधी रात्रपाळी यांच्याशी बोलतो.

ताई, 'काळजी वाटते म्हणजे विश्वास कमी' हे समीकरण कुणी शिकवलं तुम्हाला? आम्हा ख्रिस्ती लोकांतही असं बोलणारे भरपूर आहेत. मी त्यांना गेथशेमाने बागेतली, येशूला पकडून नेलं ती रात्र वाचायला सांगतो. येशू त्या रात्री शांत नव्हता. तो शिष्यांना म्हणाला, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. लूकच्या शुभवर्तमानात त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता असं लिहिलं आहे. आणि मत्तयात असं आहे की त्याने तीन वेळा तीच प्रार्थना केली, त्याच शब्दांत. एकदा बापाच्या हवाली करून तो मोकळा झाला नाही. परत गेला, परत तेच म्हणाला. मग तुम्ही रोज रात्री तेच तेच म्हणता याची लाज कशाला?

मंदवारा यांच्या शब्दखेळात माझी एक भर. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात ५व्या अध्यायात एक ओळ आहे. तिचा अर्थ असा की तुमची सगळी चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. मूळ ग्रीकमध्येही तिथे दोन वेगळे शब्द आहेत, एक मेरिम्ना आणि दुसरा मेलेइ, आणि आपल्या मराठी पवित्र शास्त्रातही चिंता आणि काळजी असे दोन वेगळे शब्द येतात. पेत्राचं क्रियापदही बघा, 'टाका'. चिंता वाटूच नये असं तो म्हणत नाही. हातात काही असेल तरच ते टाकता येतं ना.

अजून एक आवडता प्रसंग सांगतो आणि थांबतो. संदेष्टा एलिया जीव वाचवायला पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, आता मला मरू दे. (१ राजे, अध्याय १९.) मी लहानपणी वाचताना वाट बघत होतो की आता देव त्याला चांगलं झापणार. तर देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. तो खातो, पाणी पितो, परत झोपतो. देवदूत परत उठवतो, परत खायला घालतो. प्रवचन नाही, उलटतपासणी नाही. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर ४० दिवसांनी, डोंगरावर पोहोचल्यावर. आज्जीबाई पहाटे सव्वापाचला जे म्हणाल्या ते अगदी शास्त्राला धरून होतं!

---

आज्जीबाई | सोमवार, दुपारी २.०५

बघा.

---

सारथी | सोमवार, रात्री ८.२०

एलियाचा प्रसंग माहीत नव्हता, आवडला. आमच्या बाजूने अर्जुनाला पुढे करतो.

गीतेच्या पहिल्या अध्यायात २९ आणि ३०व्या श्लोकांत अर्जुन स्वतःची अवस्था सांगतो. गात्रं गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, काटा आला, हातातून गांडीव निसटतंय, त्वचा जळतेय, उभं राहता येत नाही, मन गरगरतंय. आज एखाद्या डॉक्टरपुढे हे सगळं सांगितलं तर ते पॅनिक अ‍ॅटॅक म्हणून लिहून घेतील. आणि हा कुणी ऐरागैरा भित्रा माणूस नव्हे. शिवाय देव त्याच्या रथावर, हाताच्या अंतरावर बसलाय, तरी हे झालं. तेव्हा देव जवळ असला की अंगाला कंप सुटत नाही, हा समज काढून टाका.

आता ९व्या अध्यायातला २२वा श्लोक. 'योगक्षेमं वहाम्यहम्' हे शब्द सगळ्यांना पाठ असतात, पण जोडशब्दाची फोड फार कमी लोक करतात. शंकराचार्यांच्या भाष्यात ती आहे. जे मिळालेलं नाही ते मिळणं हा योग, आणि मिळालेल्याचं रक्षण हा क्षेम. माणसाच्या यच्चयावत चिंता या दोन खणांत बसतात, करून बघा. मिळेल ना? आणि मिळालंय ते राहील ना? रात्रपाळी, तुमची चिंता नखशिखांत क्षेमाची आहे.

आणि 'वहामि' म्हणजे वाहून नेतो. एक जुनी कथा सांगतात. एका टीकाकाराला वाटलं, साक्षात भगवंत काय हमालासारखं वाहणार? त्याने 'वहामि' खोडून 'ददामि' म्हणजे 'देतो' असं लिहिलं. तो बाहेर गेला असताना एक पोरगा त्याच्या दारात डोक्यावर भलं मोठं ओझं घेऊन आला आणि बायकोला म्हणाला, तुमच्या यजमानांनी हे वाहायला लावलं, आणि वर माझ्या पाठीवर ओरखडाही काढला. घरी आल्यावर त्या माणसाला कळलं की आपली रेघ नेमकी कुठे उमटली. कथा कथेसारखी घ्या. पण देणारा देऊन निघून जातो आणि वाहणारा सोबत चालतो, हा फरक ज्याने कुणी रचला तो मोठा माणूस होता.

---

उंटावरचा_शहाणा | सोमवार, रात्री ९.००

कथा मस्त. दोघेही छान लिहिता. पण माझा दुसरा प्रश्न तसाच उन्हात उभा आहे. ज्यांचं ओझं कुणी वाहिलं नाही त्यांचं काय?

---

पानगळ | सोमवार, रात्री ११.४५

मी इथे सहसा फक्त वाचतो. शहाण्यांचा प्रश्न माझ्यासाठीच आहे असं वाटलं, म्हणून लिहितो.

माझी बायको चार वर्षांपूर्वी गेली. चौदा महिने आजार चालला. त्या चौदा महिन्यांत मी एक फाइल केली होती. रिपोर्ट तारखेप्रमाणे, प्रत्येक महिन्याला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी, रक्ताच्या आकड्यांचा हाताने काढलेला आलेख. रात्री ती झोपली की मी फाइल लावत बसायचो. कागद सरळ झाले की वाटायचं, काहीतरी माझ्या ताब्यात आहे. डॉक्टरांनी ती फाइल एकदाही पूर्ण उघडली नाही. त्यांना शेवटचे दोन कागद पुरायचे.

प्रार्थनाही करायचो. खरं सांगायचं तर ती प्रार्थना नव्हती, पाठपुरावा होता. सरकारी कचेरीत अर्जाचं काय झालं विचारायला जातात तसा.

ती माझ्याहून शांत होती. एकदा दुसऱ्या दिवशीच्या सुईबद्दल मी सारखं बोलत होतो, शीर सापडेल का, मागच्या वेळेसारखा त्रास होईल का. ती म्हणाली, "उद्याची सुई तू आज का टोचून घेतोयस? ती मला आहे, आणि मलाही उद्याच आहे." मी गप्प बसलो. फाइल मात्र त्या रात्रीही लावली.

ती गेली. मग देवाशी माझं बोलणं बंद होतं, दोन वर्षं. कुणी 'त्याची इच्छा' म्हणालं की मी उठून जायचो. आजही जातो.

परत कसा आलो ते नीट सांगता येणार नाही. पण काय बदललं ते सांगतो. आधी मी 'देव काळजी घेतो' याचा अर्थ 'देव वाईट होऊ देत नाही' असा धरला होता. तो करार त्याने माझ्याशी कधी केलाच नव्हता, मीच दोन्ही सह्या ठोकल्या होत्या. मेंढपाळ यांना माहीत असेल, मत्तयाच्या दहाव्या अध्यायात चिमण्यांबद्दल आहे की तुमच्या पित्यावाचून एकही चिमणी जमिनीवर पडत नाही. माझ्या एका ख्रिस्ती मित्राने ते दाखवलं. मी रागाने म्हणालो, पडते ना पण? तो म्हणाला, हो, पडते. पडणारच नाही असं तिथे लिहिलेलंच नाही.

त्या उत्तराने मला पहिल्यांदा बरं वाटलं. त्याने सारवासारव केली नाही म्हणून.

मागे वळून बघताना दिसतं की त्या चौदा महिन्यांत आम्ही एकटे फार कमी वेळा होतो. शेजारी रात्री येऊन बसायचे. तिच्या हातातली ताकद गेली तेव्हा तिची मैत्रीण रोज येऊन केस विंचरायची. हे सगळं तेव्हाही होतं, पण मी फाइल लावत होतो, त्यामुळे दिसलं नाही. शहाणे म्हणतील ही माणसंच होती, देव कुठे? मी वाद घालणार नाही. मला त्यात दोन्ही दिसतात.

रात्रपाळी, तुमचा मुलगा सुखरूप राहील अशी हमी मी देऊ शकत नाही. मी तर नाहीच देऊ शकत. पण नाकाखाली बोट धरलेल्या रात्रींनी ती हमी मिळत नाही, एवढं मला फाइलीवरून कळलं.

---

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, सकाळी ७.१०

पानगळ, मी माझा प्रश्न मागे घेत नाही. पण तो ज्या सुरात विचारला त्याबद्दल माफी.

---

मनकवडी | मंगळवार, सकाळी १०.३०

मी समुपदेशन करते. देवाबद्दल अधिकाराने बोलण्याचा मला हक्क नाही, काळजीबद्दल थोडा आहे.

रात्रपाळी, तुमचं जे चक्र आहे ते असं चालतं. धाकधूक होते, तुम्ही जाऊन बघता, श्वास लागतो, सुटका वाटते. ही सुटका इतकी गोड असते की मेंदू हिशोब मांडतो: 'बघितलं म्हणून सगळं ठीक आहे.' मूल तुम्ही न बघताही ठीक होतं, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून पुढच्या रात्री धाकधूक परत हजर. विश्वासाच्या कमतरतेशी याचा फारसा संबंध नाही. कट्टर नास्तिकही गॅस बंद आहे का ते पाच वेळा बघायला जातात. (शहाणे, तुम्हाला उद्देशून नाही.)

सुचवायचं तर एकच. जाऊच नका असं मी म्हणणार नाही, ते जमणार नाही. उठावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबा. मग वाटलं तर जा. ती दहा मिनिटं प्रार्थनेची असली तर उत्तमच.

दिवसा सतावणाऱ्या चिंतांसाठी एक जुना, तपासलेला उपाय आहे. थॉमस बॉर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तो मांडला. काळजी करायला रोज ठरलेल्या जागी ठरलेला अर्धा तास द्यायचा. इतर वेळी आली की तिला सांगायचं, संध्याकाळी ये. हास्यास्पद वाटतं, पण कामाला येतं.

आणि एक आकडा. चिंताविकार असलेल्या २९ जणांनी आपल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि त्या खऱ्या होतात का याचा माग ठेवला. २०२० मध्ये ते संशोधन छापून आलं. त्यांच्या ९१.४ टक्के काळज्या खऱ्या झाल्याच नाहीत. २९ माणसं म्हणजे लहान अभ्यास आहे, आणि पानगळ यांच्यापुढे हा आकडा फेकायचा नाही हेही मला कळतं. पण रात्री तीन वाजता आपलं डोकं किती वाईट ज्योतिषी असतं ते यातून दिसतं.

विश्वासाबद्दल मानसशास्त्रात काम झालेलं आहे. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अडचणीत देवाशी वागण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली, देवाने बुद्धी दिलीय, माझं मी बघतो. दुसरी, सगळं देवावर सोपवून आपण नुसतं वाट बघत बसायचं. तिसरी, तू आणि मी मिळून. तिसऱ्या तऱ्हेच्या लोकांना आयुष्य आपल्या आवाक्यात आहे असं जास्त वाटत होतं आणि स्वतःबद्दलही बरं वाटत होतं. दुसऱ्यांचं उलट. तेव्हा शहाण्यांनी खाटल्यावरच्या हरीवरून मारलेल्या टोमण्याला थोडा शास्त्रीय आधार आहे. ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराबाहेर बसलेल्या माणसाला मात्र करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. तिथे सोपवून बसणं हा आळस नव्हे.

शेवटचं आणि महत्त्वाचं. सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस काळजी आवरत नसेल, आणि सोबत झोप उडणं, थकवा, चिडचिड, मान-खांदे आखडणं, लक्ष न लागणं असं काही असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. गोळी घेतली म्हणजे देवावरचा भरवसा कमी पडला असं नाही. चष्मा लावताना असं कुणाला वाटत नाही.

---

भिजलेलं_पान | मंगळवार, दुपारी १२.१५

उंटावरच्या शहाण्यांच्या धाग्यात उंटाची गोष्ट कुणीच सांगितली नाही म्हणजे काय!

तिर्मिजीच्या हदीस संग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात आहे. एकाने पैगंबरांना विचारलं, उंटाला बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून भरवसा ठेवू? उत्तर आलं, आधी बांध, मग भरवसा ठेव.

आमच्यात याला तवक्कुल म्हणतात. मौलवी सांगतात तो भाग इथे संपतो. माझ्या अम्मीचं त्यापुढचं शेपूट असं की बांधलेल्या उंटाजवळ रात्रभर दावं धरून उभं राहायचं नसतं.

---

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, दुपारी १२.४०

माझ्या नावाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. अम्मींना सलाम.

---

मंदवारा | मंगळवार, दुपारी ४.००

मनकवडी यांच्या तीन तऱ्हांवरून आठवलं. रामानुजाचार्यांच्या वैष्णव परंपरेत नेमका हाच वाद झाला आणि त्यावरून वडकलै आणि तेनकलै असे दोन पंथच पडले. माकडीण उडी मारते तेव्हा पिल्लू तिच्या पोटाला घट्ट बिलगून असतं, म्हणजे धरण्याची थोडी जबाबदारी पिल्लाची. हा मर्कटन्याय, वेदान्त देशिकांच्या म्हणजे वडकलैंच्या बाजूचा. मांजरी पिल्लाला मानेला धरून उचलते, पिल्लू काहीच करत नाही. हा मार्जारन्याय, पिळ्ळै लोकाचार्यांच्या म्हणजे तेनकलैंच्या बाजूचा.

मांजरीच्या पिल्लाचं बघितलंय का कधी? मानेला धरलं की ते अंग सैल सोडतं, पाय पोटाशी घेतं. ओढाताण करत नाही. आपण काही बिलगणारी माकडं नाही आणि सैल सोडणारी मांजरंही नाही. आईने उचललेलं असताना तिलाच ओरबाडणारी तिसरीच जात आहे आपली.

---

मनकवडी | मंगळवार, दुपारी ४.२०

अवांतर: हे माणसाच्या बाळातही दिसतं. २०१३ च्या एका अभ्यासात सहा महिन्यांखालच्या बाळांना आई नुसती मांडीवर घेऊन बसली तेव्हा, आणि उचलून चालायला लागली तेव्हा, अशी नोंद घेतली. चालायला लागताच बाळाची हालचाल आणि रडणं कमी झालं आणि हृदयाचे ठोके मंदावले. सारथी यांच्या 'वाहतो' साठी घ्या.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०.३०

सगळं दोनदा वाचलं. पानगळ, तुमचं तीनदा. काय बोलू कळत नाही, नुसता नमस्कार.

'दावं धरून उभं राहणं' हे माझंच वर्णन आहे. आणि एक गोष्ट आठवली, जी अकरा वर्षांत आठवली नव्हती. वॉर्डमध्ये तिसऱ्या की चौथ्या रात्री मी पेटीच्या काचेला कपाळ टेकून उभी होते. टाके दुखत होते. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ९४ वरून ९१ झाला की माझे पाय गार पडायचे. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही झोपा जाऊन. मी जागी आहे." आवाजात माया वगैरे काही नव्हती, कामाचं बोलल्यासारखं बोलल्या. आणि मी जाऊन चार तास मेल्यासारखी झोपले. त्या बाईंचं नावही मला माहीत नव्हतं. काही होणार नाही असंही त्या म्हणाल्या नव्हत्या.

एका अनोळखी बाईच्या शब्दावर मी झोपू शकले, आणि ज्याला रोज हाक मारते त्याच्या शब्दावर नाही.

---

मेंढपाळ | मंगळवार, रात्री १०.५०

स्तोत्र १२१. तुझा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही, असं आहे तिथे. मी हे शेकडो वेळा म्हटलंय. तुमच्या सिस्टरमुळे आज पहिल्यांदा ऐकू आलं.

बाकी काही नाही, फक्त एक. मान्न्याची, म्हणजे देवाने रानात पुरवलेल्या अन्नाची गोष्ट (निर्गम, १६वा अध्याय) अशी की रानात रोज सकाळी त्या दिवसापुरतंच गोळा करायचं. उद्यासाठी साठवलं त्यात किडे पडले. (शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचं, तेवढं टिकलं.) विश्वासही तसाच साठवता येत नाही असं मला वाटत आलंय. तेव्हा त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं आत्ता ठरवू नका. आजची रात्र बघा.

---

आज्जीबाई | मंगळवार, रात्री १०.५५

आणि आता खरंच झोप.

---

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ८.१५

तीन रात्रींचा अहवाल.

मंगळवारी दहा मिनिटं थांबले आणि गेलेच. बुधवारी दोनदा गेले, काहीही थांबले नाही. खोटं कशाला सांगू.

काल संध्याकाळी मुलाला सहज विचारलं, रात्री झोप लागते का रे नीट? तो म्हणाला, "लागते. तू आलीस की जाग येते कधीकधी." माझा चेहरा पडला असणार. मग म्हणाला, "मला माहितीये तू बोट धरतेस ते. मी मुद्दाम जोरात श्वास सोडतो, म्हणजे तुला लवकर कळेल आणि तू जाशील झोपायला."

किती दिवसांपासून, विचारलं. खांदे उडवले आणि खेळायला गेला. स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होते. इतकी वर्षं मी त्याची काळजी करत होते आणि ते पोर माझी घेत होतं.

रात्री पावणेतीनला जाग आली. उठले. त्याच्या दारापर्यंत गेले, चौकटीला हात लावला. आत अंधार, पंख्याचा आवाज. मनात म्हटलं, "तू जागा आहेस ना?" सिस्टरना विचारावं तसंच, कामाचं. उत्तर वगैरे काही आलं नाही. थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. झोप लगेच नाही लागली, पण लागली.

पाच वाजता मात्र गेले आत. बोट नाही धरलं. पांघरूण खाली पडलं होतं ते घातलं आणि आले.

---

उंटावरचा_शहाणा | शुक्रवार, सकाळी ८.४०

पांघरूण चालतं. ते उंट बांधण्यात मोडतं.